जालन्याच्या वाटेवरची शिदोरी : तयार अन्न निवडण्याची दोनशे वर्षे

(दीर्घ थ्रेड)

१/
गोदामवजा मोठ्या किराणा दुकानात एक मांडणी हमखास असते : गरम पाणी ओतून खायचा उपमा, पाकिटातली डाळ, दोन मिनिटांत तयार होणारा पुलाव. गिऱ्हाईक पाकीट हातात घेते, उलटसुलट करते, भाव पाहते आणि पुष्कळदा परत ठेवते. त्याच्या मनातले प्रश्न साधे असतात. हे किती दिवस टिकेल? पोट भरेल का? कोणी केले असेल? पैसे वसूल होतील का?

हे प्रश्न त्या मांडणीपेक्षा फार जुने आहेत. जालना जिल्ह्याच्या वाटांवर सैन्याने, प्रवाशांनी, दुष्काळी कामावरच्या मजुरांनी ते वेगवेगळ्या काळात सोडवले. त्या उत्तरांचा हा इतिहास.

२/
आधी दोन शब्दांतला फरक. ‘शिधा’ म्हणजे न शिजवलेले धान्य, पीठ, डाळ, मीठ, तूप. ‘शिदोरी’ म्हणजे शिजवून बांधून घेतलेले अन्न. शिधा पुष्कळ दिवस टिकतो, पण खाण्याआधी चूल, सरपण, पाणी, भांडे आणि वेळ मागतो. शिदोरी यातले बरेचसे मागत नाही, पण ती लवकर विटते.

तयार अन्नाचा सगळा इतिहास म्हणजे शिध्याचा टिकाऊपणा आणि शिदोरीची सोय एकाच पुडीत बांधण्याची खटपट.

३/
सप्टेंबर १८०३. दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात दौलतराव शिंदे व रघूजी भोसले (दुसरे) यांच्या फौजा अजिंठ्याच्या घाटाने निजामाच्या मुलखात उतरल्या होत्या. २ सप्टेंबरला कर्नल स्टीव्हन्सनने जालन्याचा किल्ला घेतला. २१ सप्टेंबरला तो आणि आर्थर वेलस्ली बदनापूरला भेटले आणि दोन वेगळ्या वाटांनी पुढे सरकण्याचे ठरले.

२३ तारखेला वेलस्ली नळणीजवळ पोहोचला, तेव्हा त्याला कळले की मराठ्यांची छावणी अगदी जवळ आहे. स्टीव्हन्सनची वाट न पाहता तो केळना नदी ओलांडून असईवर चालून गेला. जालना जिल्ह्यातील हीच ती असई.

४/
लढाईची हकिकत सर्वांना ठाऊक असते. त्यामागचा बाजार कमी जणांना ठाऊक असतो.

त्या सैन्यात जेवणाच्या दोन व्यवस्था होत्या. गोऱ्या सैनिकाला सरकारी शिधा मिळे : मांस, तांदूळ किंवा बिस्किटे, आणि दारू. हिंदी शिपाई सामान्यतः आपल्या पगार-भत्त्यातून छावणीबरोबर चालणाऱ्या बाजारात धान्य विकत घेई आणि स्वतः रांधून खाई. या दोघांच्याही मागे लमाणांचे तांडे होते. बैलांच्या पाठीवर धान्य लादून ते छावणीपर्यंत आणत आणि विकत. चालते-फिरते घाऊक दुकानच ते.

वेलस्लीच्या पत्रव्यवहारात बैल आणि धान्य हे विषय पुन्हा पुन्हा येतात ते यामुळेच.

५/
लमाणांचा माल सैन्याला परवडत असे, याचे एक कारण गवत. तांड्याचे बैल वाटेकडेचा चारा खात चालत, त्यामुळे वाहतुकीचा वेगळा दाणागोटा मोजावा लागत नसे. पण पाऊस हुकला की आधी गवत संपे, मग बैल थांबत, आणि बैल थांबले की धान्य असूनही पोहोचत नसे.

१८०३-०४ मध्ये दख्खनेत हेच झाले. अवर्षण आणि सैन्यांची लूटमार एकत्र आली आणि भीषण दुष्काळ पडला. अन्नाची किंमत दाण्यापेक्षा दाणा पोहोचवण्यात अधिक असते, हा धडा याच मुलखाने तेव्हा घेतला.

६/
असईच्या दिवसाकडे पुन्हा पाहू. वेलस्लीचे सैन्य त्या दिवशी सुमारे २४ मैल चालले आणि मग लढले. सामानसुमान व बाजार मागे नळणीला राहिला होता. कंपनीच्या बाजूचे १,५०० हून अधिक लोक मेले, जखमी झाले वा बेपत्ता झाले.

अशा दिवशी पाठीवरच्या तांदळाचा उपयोग काय? तांदूळ भूक भागवतो तो भात झाल्यावर. चूल पेटवायला जिथे उसंत नाही, तिथे कामास येते फक्त ते, जे पिशवीतून थेट तोंडात जाऊ शकते. तयार अन्नाची पहिली कसोटी त्यामुळे चव नव्हे. ते खाण्यापूर्वी आणखी काय काय मागते, हे आधी पाहायचे.

७/
मराठवाड्यातल्या घरांनी या कसोटीची उत्तरे केव्हाच शोधली होती. भाकरी एक दिवसाची. तिच्यासोबत कोरडी शेंगदाण्याची चटणी, ठेचा, कांदा. धपाटे तेलावर भाजलेले, म्हणून थोडे अधिक मऊ राहणारे. दशमी पाण्याऐवजी दुधात भिजवलेल्या पिठाची, म्हणून प्रवासातली लाडकी.

आणि सर्वांत दूरवर जाणारे ते भाजलेले पदार्थ : फुटाणे, लाह्या, चुरमुरे, सातूचे पीठ. सातूच्या पिठात गूळ आणि पाणी कालवले की जेवण झाले. चूल नाही, भांडे नाही, धूर नाही.

८/
यामागचे शास्त्र सोपे आहे. अन्न नासवणाऱ्या जिवाणूंना आणि बुरशीला मोकळे पाणी लागते. भाजण्याने ते उडून जाते. गूळ, साखर आणि मीठ उरलेले पाणी धरून ठेवतात. त्यातच भाजताना दाणा शिजतो, म्हणून पुढे इंधन लागत नाही.

आज जालन्याच्या पोलाद कारखान्यांत उत्तरेतून आलेले पुष्कळ कामगार आहेत. त्यांच्या गावाकडचा सत्तू आणि इथल्या आजीचे सातूचे पीठ ही एकाच युक्तीची दोन नावे. चकाकत्या पाकिटावर ‘झटपट’ असे छापले जाण्याच्या कितीतरी आधीची ही झटपट वस्तू.

९/
वजन, टिकाऊपणा, पाणी आणि इंधन या कसोट्या पदार्थाच्या. चौथी कसोटी माणसांची होती : ‘हे कोणी केले?’

सोवळ्याओवळ्याच्या हिशेबात पाण्यात शिजलेले अन्न चटकन ‘खरकटे’ ठरे, दुधात भिजवलेल्या दशमीला मात्र सवलत असे. म्हणजे दशमीची लोकप्रियता केवळ टिकाऊपणामुळे नव्हती. रेल्वे आली तेव्हा हा हिशेब फलाटावरही आला. ‘हिंदू पाणी’ आणि ‘मुसलमान पाणी’ अशी वेगळी व्यवस्था हिंदुस्थानातल्या कितीतरी स्थानकांवर होती. आणि ज्यांना कोणतेच पाणी नव्हते, त्यांची नोंद करायला फलक नव्हता.

१०/
ही नोंद एका माणसाने स्वतः करून ठेवली. १९०१ साल. साताऱ्याहून लहानगे भीमराव आंबेडकर घरातल्या इतर मुलांसह वडिलांकडे, खटाव तालुक्यातल्या गोरेगावला निघाले होते. मसूर स्थानकावर त्यांना न्यायला कोणी आले नाही, कारण पत्र पोहोचलेच नव्हते. मुले महार आहेत हे कळल्यावर गाडीवाले तयार होईनात. अखेर दुप्पट भाडे घेऊन एक तयार झाला, तोही मुलांनी गाडी हाकावी आणि आपण पायी चालावे या अटीवर.

११/
मुलांसोबत घरून दिलेला भरपूर फराळ होता. वाटेत त्यांनी डबा उघडला. पण जवळच्या पात्रातले पाणी चिखलाने आणि गुरांच्या शेणामुताने भरलेले होते. डबा मिटावा लागला. रात्री जकातनाक्यावर पाणी मागितले, तेही मिळाले नाही. अन्न जवळ असून ती मुले उपाशी झोपली. पाणी नव्हते म्हणून जेवण नव्हते, आणि अस्पृश्य म्हणून पाणी नव्हते.

तयार अन्नाच्या इतिहासात हा प्रसंग क्वचितच सांगितला जातो. तो सांगायला हवा. शिदोरी उत्तम होती, ताजी होती, पुरेशी होती. तरीही ती निरुपयोगी ठरली, कारण तिला लागणारी एक वस्तू समाजाच्या ताब्यात होती.

१२/
जालन्याची रेल्वे याच सुमाराची. १९०० च्या आसपास मनमाड–औरंगाबाद–जालना–नांदेड हा मार्ग सुरू झाला आणि मोंढ्यातले धान्य व कापूस बैलांच्या पाठीवरून डब्यांत गेला. प्रवास वेगवान झाला, पण वाटेवरचे पाणी सर्वांचे झाले नाही. १९३४ साली बाबासाहेब सहकाऱ्यांसह दौलताबादचा किल्ला पाहायला आले, तेव्हा तिथल्या हौदाच्या पाण्याने हातपाय धुतल्यावरून त्यांच्यावर लोक धावून आले. मसूरच्या प्रसंगाला तेव्हा तेहतीस वर्षे लोटली होती.

१३/
इकडे युरोपात टिकाऊपणाचा प्रश्न वेगळ्या वाटेने सुटत होता. फ्रान्सच्या निकोला आपेर याने अन्न काचेच्या बरणीत बंद करून उकळत्या पाण्यात ठेवण्याची पद्धत १८१० मध्ये प्रसिद्ध केली. त्याच साली इंग्लंडमध्ये पीटर ड्युरँडने पत्र्याच्या डब्याचे पेटंट घेतले. अन्न का टिकते हे मात्र दोघांनाही सांगता आले नसते. सूक्ष्मजीवांचे स्पष्टीकरण पाश्चरच्या संशोधनातून, नंतरच्या दशकांत आले.

या डब्याला सैन्य आणि आरमार हेच मोठे गिऱ्हाईक मिळाले. तयार अन्नाचे बहुतेक मोठे शोध स्वयंपाकघराऐवजी छावणीत वाढले, ही गोष्ट पुढेही दिसेल.

१४/
मराठवाड्याने सरकारी तयार अन्न मोठ्या प्रमाणावर पाहिले ते १९७२-७३ च्या दुष्काळात. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात होता. स्वतंत्र जिल्हा झाला १ मे १९८१ रोजी. सलग अवर्षणाने विहिरी आटल्या, ज्वारी गेली. खडी फोडणे, रस्ते, नालाबांध, पाझर तलाव अशी कामे निघाली. मे १९७३ मध्ये राज्यभर या कामांवर जवळजवळ ५० लाख लोक होते.

त्या पिढीच्या तोंडी दोन शब्द अजून आहेत : मिलो आणि सुकडी. मिलो ही परदेशातून आलेली लाल ज्वारी. सुकडी हे भाजलेल्या पिठाचे कोरडे, गोड मिश्रण, कामाच्या जागी हातावर मिळणारे.

१५/
वरच्या कसोट्यांवर सुकडी पाहा. वजनाला हलकी. कोरडी, म्हणून उन्हाळ्यातही टिकणारी. चूल नको, सरपण नको. खडी फोडणाऱ्या बाईला दुपारी घरी जाऊन भाकरी थापण्याची गरज नाही, आणि कडेवरच्या मुलालाही तीच देता येते. सातूच्या पिठाची युक्तीच इथे शासनाने हाती घेतली होती.

आणि आणखी एक गोष्ट : ती कोणी केली, हे विचारण्याची सोय नव्हती. एकाच पोत्यातून सर्वांच्या ओंजळीत ती पडे.

पण सुकडीत निवड नव्हती. आवडो वा न आवडो, तीच. म्हणून तिची आठवण सांगताना जुनी माणसे आधी हसतात आणि मग गप्प होतात.

१६/
आजच्या डाळीच्या पाकिटाचा पूर्वज पुन्हा लष्करीच. अमेरिकी लष्कराच्या नेटिक येथील प्रयोगशाळेत पत्र्याच्या डब्याऐवजी अनेक थरांची लवचिक पिशवी वापरण्यावर काम झाले. भारतात १९६१ पासून म्हैसूरची संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळा सैन्यासाठी अशाच अन्नावर काम करीत आली, आणि तिचे तंत्र पुढे खासगी उद्योगांकडे गेले.

शिजवलेले अन्न पिशवीत भरून ती सीलबंद करतात आणि दाबाखाली सुमारे १२१ अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. हवाबंद जागी वाढणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या घातक जिवाणूची बीजे नुसत्या उकळण्याने मरत नाहीत, म्हणून हा आकडा. ‘वर्षभर टिकते म्हणजे त्यात रसायन असणारच’ हा समज त्यामुळे चुकीचा आहे. अशा पिशवीला टिकवते ती उष्णता आणि शिवण.

१७/
या तंत्राची एक महाराष्ट्रीय कथा पुणे-सोलापूर रस्त्यावर आहे. दौंड तालुक्यातील भांडगाव येथे ‘टेस्टी बाइट’ कंपनीचा कारखाना आहे. कंपनी १९८५ ची. तिला खरे गिऱ्हाईक मिळाले ते अमेरिकेत. तिथल्या कॉस्टकोसारख्या गोदामी दुकानांत तिची ‘मद्रास लेन्टिल्स’ ही डाळ गठ्ठ्याने विकली जाते. २०१७ मध्ये मार्स या बहुराष्ट्रीय कंपनीने ती विकत घेतली.

नावात मद्रास, कारखाना दौंडात, खाणारा अमेरिकेत. त्याच दुकानात खरेदी करणाऱ्या मराठी कुटुंबाच्या हाती कदाचित आपल्याच मुलखातून आलेली डाळ पडत असेल. पाकिटाची पुढची बाजू गोष्ट सांगते. पत्ता मागच्या बाजूला असतो.

१८/
आता जालन्याच्या मोंढ्यात परत येऊ. ‘जालना, सोने का पालना’ ही म्हण ज्या व्यापारावरून पडली, त्यात माल पारखण्याची रीत हाताची होती. पोत्यात नळी खुपसून दाणे काढायचे, तळहातावर पसरायचे, फुंकर मारायची, एक दाणा दाताखाली फोडायचा. ओल, खडा, कीड सगळे तिथेच कळे.

गोदामी दुकानानेही घाऊक मालाचेच तत्त्व घेतले : माल मोठा, नफा थोडा, उठाव जलद. अमेरिकेत १९७६ मध्ये सॅन दिएगोला सुरू झालेल्या ‘प्राइस क्लब’पासून ही पद्धत रुजली, मुंबईत पवईला डीमार्टचे पहिले दुकान उघडले २००२ साली. पण इथे पुडी सीलबंद असते. हात, नाक, दात तिघेही बाहेर. त्यांच्या जागी उरतात पाकिटामागची बारीक अक्षरे.

१९/
म्हणून ती वाचणे हीच आजची दाणापारख. जुन्या कसोट्या जशाच्या तशा लागू पडतात.

वजन : कोरड्या उपम्याचा भाव आणि ओल्या डाळीचा भाव प्रति ग्रॅम ताडून पाहणे फसवे असते. समजा, ८० ग्रॅमचा कोरडा उपमा १५० ग्रॅम पाणी पिऊन २३० ग्रॅम होतो. ओल्या डाळीच्या ग्रॅममध्ये मात्र पाणी आधीच धरलेले असते. तुलना करायची तर ताटात पडणाऱ्या वजनाची आणि त्यातल्या प्रथिनांची करावी.

टिकाऊपणा : वर्षभराची मुदत ही न उघडलेल्या पुडीची. जालन्याच्या उन्हाळ्यात शेंगदाणा-खोबऱ्याचा मोठा पुडा उघडल्यावर खवट व्हायला वेळ लागत नाही. मोठा पुडा स्वस्त पडतो तो संपला तरच.

पाणी-इंधन : वसतिगृहात किटली आहे का? नसेल, तर गरम पाणी मागणारे पाकीट हा निव्वळ शिधा आहे.

२०/
भरवसा : घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते. डाळीच्या पाकिटात डाळ कितवी, हे पाहावे. पाणी पहिले असणे गैर नाही; डाळीच्या आधी तेल आणि साखर येत असेल तर विचार करावा. अन्नसुरक्षा परवान्याचा चौदा आकडी क्रमांक आणि कारखान्याचा पत्ता पाहावा.

मीठ : टिकाऊ अन्नाची ही जुनी सवय. पाकिटावर सोडियम मिलिग्रॅममध्ये असते; त्याला अडीचने गुणले की मीठ कळते. ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना दिवसभरासाठी ५ ग्रॅमच्या आत राहायला सांगते. म्हणजे एका जेवणात दिवसाचा दोन पंचमांश वाटा संपला.

२१/
शेवटची कसोटी वेळेची, आणि ती सर्वांत कमी विचारली जाते. शिदोरी ‘तयार’ असते ती खाणाऱ्यासाठी; कोणीतरी आधी उठलेले असते.

दिवाळीच्या सुमारास जालना जिल्ह्यातूनही ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. दोघेही सारखाच ऊस तोडतात, पण कोपीवर पहाटेच्या अंधारात चूल पेटते ती एकीचीच. तिच्या भाकऱ्या बांधल्या जातात आणि मग दिवस सुरू होतो. वजनात, टिकाऊपणात, भरवशात ही शिदोरी कोणत्याही पाकिटाला हरवील. तिच्यावर किंमत छापलेली नसते एवढेच.

२२/
वेलस्लीच्या छावणीत किंमत बैलांनी मोजली. मसूरच्या वाटेवर ती मुलांनी रात्रभर उपाशी राहून मोजली. सुकडीच्या रांगेत निवडीचा हक्क सोडून मोजली गेली. मांडणीसमोर पाकीट हातात धरून उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला निदान ती वाचता येते, नाकारता येते, आणि घरच्या डब्याशी ताडून पाहता येते.

ताडताना घरच्या डब्याच्या बाजूला पहाटेचे ते दोन तास तेवढे मांडायला विसरू नयेत.

(समाप्त)